शुभवर्तमान-गीते : शब्द कोणाचे, सूर कोणाचे?

मिस्साबलीच्या वेळी किंवा प्रार्थनासभेत आपण मनापासून गातो; परंतु गीताच्या तळाशी लहान अक्षरांत छापलेल्या नावांकडे आपली नजर क्वचितच वळते. अनेक गीतपुस्तिकांत तर ती नावे छापलेलीही नसतात. त्यामुळे ज्यांच्या शब्दांनी आपण दुःखात प्रभूला हाक मारतो, ती माणसे आपल्याला अनोळखीच राहतात. इंग्रजीत ज्यांना ‘गॉस्पेल हिम्स’ म्हणजेच शुभवर्तमान-गीते म्हटले जाते, त्यांतील अनेक गीते भाषांतरांच्या व चालींच्या रूपाने जगभरच्या ख्रिस्ती समाजात पोहोचली आहेत. ती कोणी लिहिली, कोणी स्वरबद्ध केली आणि कॅथलिक भाविकांनी ती कशी समजून घ्यावीत, याचा परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

शुभवर्तमान-गीत म्हणजे काय?

ख्रिस्ती माणूस आरंभापासून गात आला आहे. संत पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात स्तोत्रे व आध्यात्मिक गीते यांच्या द्वारे एकमेकांना बोध करण्यास सांगितले आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये आयझॅक वॉट्स (१६७४–१७४८) आणि चार्ल्स वेस्ली (१७०७–१७८८) यांनी स्तोत्ररचनेची मोठी परंपरा निर्माण केली. त्यांच्या स्तोत्रांचा रोख प्रामुख्याने परमेश्वराकडे असतो. त्याची थोरवी, त्याची कृपा आणि तारणाचे रहस्य हे त्यांचे विषय होत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एक निराळा प्रकार रुजला. रविवारच्या धर्मशिक्षण वर्गांसाठी लिहिलेली सोपी गीते व मोठ्या मेळाव्यांतील समूहगान यांतून तो घडला. या गीतांत गाणारा देवाशी बोलतो, तसाच शेजारी बसलेल्या माणसाशीही बोलतो. ‘माझ्या बाबतीत प्रभूने काय केले ते ऐक, आणि तूही त्याच्याकडे ये,’ असा त्यांचा सूर असतो. म्हणून या गीतांत ‘मी’ हा शब्द वारंवार येतो. ती साक्ष देतात आणि आमंत्रण देतात.

रचनेच्या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक कडव्यानंतर एक ध्रुवपद येते. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या हाती पुस्तक नाही, त्यालाही ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गाता येते. आपल्या भजनातील ध्रुवपदाचे कार्य हेच आहे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. चालही सोपी असते. मोजक्या स्वरमेळांत ती बसविलेली असते. १८७४ साली फिलिप ब्लिस यांनी ‘गॉस्पेल साँग्ज’ नावाचा संग्रह काढला आणि १८७५ मध्ये त्यांनी व आयरा सँकी यांनी मिळून ‘गॉस्पेल हिम्स अँड सेक्रेड साँग्ज’ प्रसिद्ध केला. या प्रकाराला हे नाव चिकटले ते तेव्हापासून. १८९१ पर्यंत या मालेचे सहा भाग निघाले.

एक गोष्ट येथे ध्यानी घ्यावयास हवी. गीत लिहिणारा आणि चाल लावणारा हे बहुधा दोन निराळे असतात. कित्येकदा चाल आधी तयार होते व तिच्यावर शब्द मागाहून बसविले जातात. म्हणूनच चांगल्या गीतपुस्तकात शब्दकार व स्वरकार या दोघांचीही नावे स्वतंत्रपणे दिलेली असतात.

दृष्टिहीन कवयित्री : फॅनी क्रॉस्बी

या परंपरेतील सर्वांत ठळक नाव फॅनी क्रॉस्बी यांचे आहे. त्यांचा जन्म २४ मार्च १८२० रोजी न्यूयॉर्क राज्यातील पुटनाम परगण्यात झाला. सहा आठवड्यांच्या असताना त्यांचे डोळे आले, त्यावर चुकीचा उपचार झाला आणि दृष्टी गेली, असे त्या स्वतः सांगत असत. वर्षाच्या आत वडिलांचेही निधन झाले. आई दुसऱ्यांच्या घरी काम करून संसार चालवी. आजी नातीला रंग, फुले, पक्षी आणि बायबलमधील प्रसंग शब्दांनी ‘दाखवी’. लहानपणीच त्यांनी बायबलचे अनेक अध्याय मुखोद्गत केले. पुढे त्यांच्या गीतांत बायबलच्या प्रतिमा इतक्या सहज येतात, त्याचे मूळ या पाठांतरात आहे.

१८३५ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या अंधशाळेत दाखल झाल्या आणि पुढे तेथेच शिक्षिका झाल्या. १८५८ मध्ये त्यांनी अलेक्झांडर व्हॅन अॅल्स्टाइन या दृष्टिहीन संगीतकाराशी विवाह केला. त्यांना एक अपत्य झाले. परंतु ते तान्हेपणीच दगावले. या दुःखाविषयी त्या फारशा बोलत नसत. १८६४ मध्ये संगीतकार विल्यम ब्रॅडबरी यांच्यासाठी त्यांनी गीते लिहिण्यास आरंभ केला. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्यानंतरच्या ५० वर्षांत त्यांच्या हातून ८,००० हून अधिक गीते झाली. एकाच नावाची इतकी गीते पुस्तकात नकोत, म्हणून प्रकाशक ती टोपणनावांनी छापत. अशा टोपणनावांची संख्या २०० च्या घरात जाते. गीत त्या मनातच रचून पूर्ण करीत आणि नंतर कोणाकडून तरी लिहून घेत.

त्यांच्या दोन गीतांच्या जन्मकथा गीतनिर्मितीची पद्धत समजण्यास उपयोगी आहेत. १८६८ साली विल्यम डोन हे त्यांच्याकडे आले. डोन हे सिनसिनाटी येथील यंत्रे बनविणारे कारखानदार होते व फावल्या वेळात चाली रचीत. त्यांची आगगाडी ४० मिनिटांनी सुटणार होती. त्यांनी आपली नवी चाल वाजवून दाखविली. क्रॉस्बी यांनी अर्ध्या तासात शब्द पूर्ण केले आणि डोन ते खिशात घालून गाडीला गेले. ‘सेफ इन द आर्म्स ऑफ जीझस’ हे ते गीत. मूल गमावलेल्या असंख्य मातांना त्याने धीर दिला. लिहिणारी स्वतःही तशीच एक माता होती.

दुसरे गीत १८७३ चे ‘ब्लेसेड अॅशुरन्स’. याची चाल फीबी नॅप यांची. त्या एका मोठ्या विमा कंपनीच्या संस्थापकाच्या पत्नी. त्यांनी चाल वाजवली व ही काय सांगते असे विचारले. क्रॉस्बी यांनी तत्काळ उत्तर दिले आणि तेच गीताचे पहिले शब्द ठरले. एक स्त्री श्रीमंतीत राहणारी, दुसरी गरिबांच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहणारी. गीत मात्र दोघींचे. क्रॉस्बी यांना एका गीतामागे डॉलर-दोन डॉलर एवढेच मानधन मिळे आणि त्यातीलही बरेच त्या वाटून टाकीत. न्यूयॉर्कच्या बावरी भागातील दारुडे, बेघर माणसे यांच्यात त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. १२ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्रिजपोर्ट येथे वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पेटीवर गाणारा सुवार्तिक : आयरा सँकी

ही गीते सर्वदूर नेली ती आयरा सँकी (१८४०–१९०८) यांनी. १८७० मध्ये प्रसिद्ध प्रवचनकार ड्वाइट मूडी यांच्याशी त्यांची भेट झाली आणि दोघे बरोबर फिरू लागले. मूडी बोलत आणि सँकी गात. १८७३ ते १८७५ या काळात ब्रिटनमध्ये त्यांच्या सभांना प्रचंड गर्दी झाली. तेथे त्यांनी १६ पानांची एक लहान पुस्तिका छापली. हीच पुढे वाढत जाऊन १,२०० गीतांचा ‘सेक्रेड साँग्ज अँड सोलोज’ हा ग्रंथ झाला. पुस्तकांच्या विक्रीतून येणारे उत्पन्न या दोघांनी स्वतःकडे न ठेवता विश्वस्तांच्या हाती सोपविले व त्यातील मोठा भाग नॉर्थफील्ड येथील शाळांना मिळाला.

१८७४ मध्ये ग्लासगोहून एडिनबरोला जाताना सँकी यांना एका वर्तमानपत्रात हरवलेल्या मेंढराविषयीची कविता आढळली. ती एलिझाबेथ क्लेफेन या स्कॉटिश कवयित्रीची होती. त्या १८६९ सालीच निवर्तल्या होत्या. एडिनबरोच्या सभेत मूडी यांनी उत्तम मेंढपाळाविषयी प्रवचन दिले आणि समारोपाचे गीत गाण्यास सांगितले. सँकी यांनी ते कात्रण वाद्यावर ठेवले आणि चाल रचता रचताच ‘नाइन्टी अँड नाइन’ हे गीत गायिले. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील दाखला अशा रीतीने हजारोंच्या ओठी बसला. कवयित्रीला आपल्या शब्दांचे पुढे काय झाले हे कधीच कळले नाही.

सँकी ज्या लहान वाद्यावर गात, त्यात हवेच्या झोताने धातूच्या पट्ट्या कंप पावून स्वर निघत. आपल्या बाजाच्या पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे तत्त्वही हेच आहे. ही दोन्ही वाद्ये एकाच कुळातील होत. मोठा ऑर्गन ज्या देवळाला परवडत नाही तेथेही सामुदायिक गायन शक्य झाले, ते अशा वाद्यांमुळे.

जलसमाधी, पूल आणि एक गीत

होरेशिओ स्पॅफर्ड (१८२८–१८८८) हे शिकागोचे वकील. १८७१ च्या शिकागो शहरातील महाभयंकर आगीत त्यांची मोठी आर्थिक हानी झाली. १८७३ मध्ये त्यांनी पत्नी अॅना व चार मुलींना युरोपला पुढे धाडले. २२ नोव्हेंबर १८७३ रोजी ‘व्हिल द्यू हाव्र’ हे त्यांचे जहाज दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन अटलांटिक महासागरात बुडाले. २२६ जण मरण पावले. चारही मुली त्यांत होत्या. एकट्या अॅना वाचल्या. पत्नीला आणण्यासाठी स्पॅफर्ड जहाजाने निघाले. मुली जेथे बुडाल्या त्या सागरी भागातून जाताना ‘इट इज वेल विथ माय सोल’ हे गीत त्यांना सुचले, असे त्यांच्या कुटुंबात सांगितले जाई.

या शब्दांना चाल लावली फिलिप ब्लिस (१८३८–१८७६) यांनी, आणि चालीला नाव दिले त्या बुडालेल्या जहाजाचेच. गीत १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २९ डिसेंबरच्या हिमवादळी रात्री ओहायो राज्यातील अॅश्टाब्युला येथे रेल्वेचा पूल कोसळला, गाडी दरीत गेली आणि तिला आग लागली. ९० हून अधिक प्रवासी दगावले. त्यांत ३८ वर्षांचे ब्लिस व त्यांच्या पत्नी लूसी होत्या. त्यांचे मृतदेह ओळखताही आले नाहीत. त्यांच्या पेटाऱ्यात एका नव्या गीताचे शब्द मिळाले. जेम्स मॅकग्रॅनहन यांनी त्याला चाल लावली व ते गीत आजही गायिले जाते.

स्पॅफर्ड यांच्या घरावरील संकटे या गीताने थांबली नाहीत. पुढे १८८० मध्ये त्यांचा लहान मुलगा तापाने गेला. १८८१ मध्ये ते कुटुंब जेरुसलेमला जाऊन राहिले व तेथील सर्व धर्मांच्या गरजूंची सेवा करू लागले. दुःखात शांती लाभली असे गाणाऱ्या माणसाला दुःख पुन्हा भेटणार नाही, असा या गीताचा अर्थ नाही. अंत्यविधीच्या वेळी ते गाताना ही गोष्ट स्मरणात ठेवली, तर शोकाकुल कुटुंबावर ‘रडू नका’ असे ओझे आपण टाकणार नाही.

गुलामगिरीच्या छायेतून आलेला स्वर

अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाने या गीतप्रकाराला नवे रूप दिले. त्याचे एक आद्य रचनाकार चार्ल्स अल्बर्ट टिंडली (१८५१–१९३३). त्यांचे वडील गुलाम होते; आई स्वतंत्र होती. ते स्वतःच्या कष्टाने लिहाय-वाचायला शिकले. फिलाडेल्फियातील ज्या मेथडिस्ट चर्चची ते झाडलोट व देखभाल करीत, त्याच चर्चचे १९०२ मध्ये ते पाळक झाले. त्यांच्या गीतांत गरीब माणसाची भूक, थकवा व आशा आहे. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेले ‘आय’ल ओव्हरकम समडे’ हे गीत ‘वी शॅल ओव्हरकम’ या जगप्रसिद्ध गीताच्या मुळांपैकी एक मानले जाते. त्याविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी चर्चमधील अशा गीतांतूनच ते घडले यात शंका नाही. १९४५ मध्ये चार्ल्सटन येथील संपकरी तंबाखू-कामगारांनी ते गायिले आणि पुढे नागरी हक्कांच्या चळवळीचे ते ब्रीदगीत झाले. आपल्या शाळांत मुले गातात ते ‘हम होंगे कामयाब’ हे त्याचेच हिंदी रूप होय.

टिंडली यांना गुरुस्थानी मानणारे थॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) हे आरंभी ब्लूज या लौकिक संगीताचे पियानोवादक होते. त्या संगीताची लय त्यांनी शुभवर्तमान-गीतांत आणली, तेव्हा अनेक चर्चनी नाके मुरडली; बाजारातील सूर देवघरात नको, असे म्हटले गेले. ऑगस्ट १९३२ मध्ये डॉर्सी सेंट लुइस येथे गाण्यासाठी गेले असता शिकागोत त्यांची पत्नी नेटी बाळंतपणात वारली. पाठोपाठ नवजात मुलगाही गेला. काही दिवस डॉर्सी देवाशी बोलायलाही तयार नव्हते. मग एके दिवशी पियानोपाशी बसले असता जुन्या एका स्तोत्राच्या चालीवर ‘प्रेशस लॉर्ड’ या गीताचे शब्द उमटले. मार्टिन ल्यूथर किंग यांना हे गीत अतिशय प्रिय होते. १९६८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी महालिया जॅक्सन यांनी ते गायिले.

कॅथलिक ख्रिस्तसभा आणि शुभवर्तमान-गीते

वर उल्लेखिलेले बहुतेक रचनाकार प्रोटेस्टंट पंथीय होते. मग आपला त्यांच्याशी संबंध काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात भाविकांच्या सामुदायिक गायनाला उत्तेजन द्यावे, लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचा आदर व्हावा आणि गीतांचे शब्द कॅथलिक शिकवणुकीशी सुसंगत व मुख्यत्वे पवित्र शास्त्र व उपासनेच्या उगमांतून घेतलेले असावेत, असे मार्गदर्शन आहे.

अमेरिकेत फादर क्लॅरेन्स रिव्हर्स (१९३१–२००४) यांनी कृष्णवर्णीय समाजाची गायनशैली मिस्साबलीत आणली. ऑगस्ट १९६४ मध्ये सेंट लुइस येथील उपासना-सप्ताहातील इंग्रजी मिस्साबलीत त्यांचे गीत गायिले गेले. १९८७ मध्ये ‘लीड मी, गाइड मी’ हे आफ्रिकी-अमेरिकन कॅथलिकांचे गीतपुस्तक निघाले. त्यात सिस्टर थिया बोमन (१९३७–१९९०) यांचा लेख आहे. नवव्या वर्षी कॅथलिक झालेल्या या फ्रान्सिस्कन धर्मभगिनी जून १९८९ मध्ये कर्करोगाने जर्जर झालेल्या अवस्थेत, चाकांच्या खुर्चीवरून अमेरिकेच्या बिशपांच्या सभेपुढे बोलल्या. शेवटी त्यांनी सर्व बिशपांना हातात हात गुंफून ‘वी शॅल ओव्हरकम’ गावयास लावले. संतपदाच्या दिशेने त्यांच्या जीवनाचा अभ्यास २०१८ मध्ये सुरू झाला व आज त्यांचा उल्लेख ‘देवाची सेविका’ असा केला जातो.

आपल्या महाराष्ट्रातही या साऱ्याला समांतर असा मार्ग आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त ओवी हाती घेतली. अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्य केलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) यांनी भजन व कीर्तन यांच्या द्वारे ख्रिस्ताचे गुणगान केले. लोकांच्या कानांना ओळखीचा सूर घ्यावा आणि त्यात शुभवर्तमान सांगावे, हाच विचार टिंडली व डॉर्सी यांच्याही मागे आहे.

गीत निवडताना

पहिला प्रश्न शिकवणुकीचा. ‘ब्लेसेड अॅशुरन्स’ सारख्या गीतांत तारणाची पक्की खात्री व्यक्त होते. तारणाविषयी फाजील निश्चिंत राहू नये, असे ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये शिकविले आहे. आपण देवाच्या वचनावर विसंबून आशा धरतो आणि कृपेत टिकून राहण्यासाठी झटतो. असे गीत आपण आशेचे गीत म्हणून गावे.

दुसरा प्रश्न स्थानाचा. मिस्साबली ही ‘आम्हां’ सर्वांची उपासना आहे. शुभवर्तमान-गीतांत ‘मी’ बोलतो. म्हणून प्रवेशगीत समुदायाला एकत्र आणणारे असावे. वैयक्तिक सूर असलेली गीते कम्युनियननंतरच्या चिंतनासाठी, आजाऱ्यांच्या भेटीत, जागरणाच्या प्रार्थनेत वा प्रार्थनासभेत अधिक शोभतात. शंका असल्यास गायकवृंदाने धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा.

तिसरा प्रश्न न्यायाचा. भारतीय कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या रचनेवर वारसांचा हक्क राहतो. क्रॉस्बी, ब्लिस, सँकी यांची मूळ गीते आता मुक्त आहेत. डॉर्सी यांची नाहीत. भाषांतरकाराचाही आपल्या भाषांतरावर स्वतंत्र हक्क असतो. त्यामुळे छायाप्रती काढून पुस्तिका करण्यापूर्वी परवानगीचा विचार व्हावा. आणि जेथे परवानगीची गरज नाही, तेथेही शब्दकार, स्वरकार व भाषांतरकार यांची नावे अवश्य छापावीत. त्याला एका ओळीहून अधिक जागा लागत नाही.

डोळ्यांनी न दिसणारी शिक्षिका, मुली गमावलेला पिता, चर्च झाडणारा सेवक, पत्नी व बाळ एकाच वेळी गेलेला वादक, अशांच्या हातून ही गीते आली. त्यांतील कोणीही दुःखातून सुटले म्हणून गायिले नाही. दुःखात असतानाच प्रभूचा हात धरून त्यांनी गायिले. येत्या रविवारी गीतपुस्तिका उघडल्यावर आधी तळाचे नाव वाचू या, त्या व्यक्तीसाठी क्षणभर प्रार्थना करू या, आणि मग गाऊ या.